साहेबांना फौजी समजावून सांगताना

तुम्ही गेलात त्याच दिवशी दुपारी तुमचा फोन वाजला. घरात सतरंज्या अंथरलेल्या, उमापूरहून सगळी भावकी आलेली, बायका माझ्याभोवती बसलेल्या, आणि फोन वाजतोय तुमच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात. कुणी उठेना, म्हणून मीच उठले. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातला शिपाई बोलत होता. "सुभेदारसायबांना सांगा, गुरुवारी सायबांनी टाइम दिलाय. त्या रामकिसनच्या विषयाचा. उशीर करू नका म्हणावं, साहेब पुन्हा भेटायचे न्हाईत."

मी म्हणाले, "बरं, सांगते."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. सबंध आयुष्य तुमचे निरोप घेण्यात गेलं, तोंडाला तीच सवय. लेकीनं विचारलं, कुणाचा होता? म्हटलं, बाबांचा. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं आईचं डोकं फिरलं.

अहो, गुरुवारचा टाइम मिळावा म्हणून तुम्ही त्या कार्यालयाच्या किती पायऱ्या झिजवल्यात! आणि मिळाला तर तुम्हीच नाही. असं कुणी करतं का?

लोक भेटायला येतात, तुम्ही कुठकुठल्या सरहद्दीवर होतात ते बोलतात. ऐकून घेते. त्या सरहद्दी मी कधी पाहिल्या नाहीत. मी पाहिले ते रिटायर होऊन घरी आलेले सुभेदार, ज्यांना एखाद्याला म्हातारपणी भजनाचा नाद लागावा तसा सरकारी कार्यालयांचा नाद लागला. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचात. आज गेवराई, उद्या माजलगाव, परवा परळी. कुणी बोलावलेलं नसायचं. साहेबाच्या दारात उभं राहायचं आणि आत गेल्यावर सांगायचं, "माजी सैनिकांसाठी ठेवलेल्या जागा तुमच्याकडं रिकाम्या हाईत. त्या कावून रिकाम्या हाईत, तेवढं मला सांगा."

साहेब सांगायचे की योग्य उमेदवार मिळत नाही. ते वाक्य तुमच्या डोक्यात जायचं. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी सुरू. "न्हाई मिळत म्हंजी? उमापूरच्या पारावर डोळे झाकून खडा मारला तरी तो फौजीला लागल!" मी पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर नोकरी केलेली. मी म्हणायचे, अहो, खडा लागेल, पण मुलाखतीत त्याला बोलता येईल का? झालं. मग चहा गार होईपर्यंत आपलं भांडण.

ते भांडण कशावरून होतं, हे आता कुणाला सांगितलं तर हसतील. नवराबायको पैशावरून भांडतात, सासरमाहेरावरून भांडतात. आपण भांडायचो ते कुणाला शिकवायचं यावरून. माझं म्हणणं, फौजीला बोलायला शिकवा. तुमचं म्हणणं, साहेबाला विचारायला शिकवा.

आणि त्यापायी आपल्या पुढच्या खोलीचं तुम्ही काय करून टाकलंत! सोफा भिंतीला, मधे टेबल, टेबलामागे मी, चष्मा नाकावर ओढून साहेब झालेली. समोर कुणीतरी नुकता घरी आलेला हवालदार नाहीतर नाईक, पाठीत पट्टी घातल्यासारखा ताठ. मी विचारायचे, "आधी काय काम केलंत?" तो म्हणायचा, "ड्यूटी." "कसली ड्यूटी?" "जी दिली ती." मला हसू आवरायचं नाही. तुम्ही दारात उभे राहून चिडायचात. "अबे, तोंड उघड की! तिथं बर्फात जनरेटर बंद पडल्यावर कोण जायचं रे?" मग तो हळूहळू बोलायला लागायचा. आणि एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. रात्रभर इंजिन गरम ठेवायला काय करायचे, हातमोजा काढला तर बोटांचं काय व्हायचं, सगळं. तुम्ही माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघायचात. "बघ. उत्तर व्हतं त्याच्याकडं. तुझा प्रश्नच फुसका."

मी म्हणायचे, प्रत्येक साहेबामागे उभं राहायला तुम्ही कुठं कुठं पुरणार? तुम्ही म्हणायचात, पुरतो तेवढा पुरतो.

पुरलात तेवढे पुरलात.

खरं सांगू, मला तेव्हा राग यायचा तो वेगळाच. मी तुमची वाट बघण्यात तारुण्य घालवलं. वर्षातून एकदा रजा. तुम्ही यायचात, ट्रंक उघडायची, घरभर ट्रंकेच्या रंगाचा आणि बूटपॉलिशचा वास. वास जाईपर्यंत तुम्ही परत गेलेले असायचात. मी मनाशी धरलं होतं की हे रिटायर झाले की आपण दोघं फिरू. कपिलधारला एकदाच नेलंत, लेक लहान असताना. धबधब्यापाशी सगळे पाण्याकडे तोंड करून उभे आणि तुम्ही पाण्याकडे पाठ करून, माणसांची वर्दळ न्याहाळत. मी म्हटलं, अहो, इकडे बघा की, पाणी किती सुंदर पडतंय. तुम्ही म्हणालात, "ऐकतोय ना." पुन्हा जाऊ म्हणालात. पुन्हा म्हणजे रिटायर झाल्यावर. आणि रिटायर झाल्यावर तुम्ही परळीला गेलात, औष्णिक केंद्राच्या बाजूच्या कुठल्याशा कार्यालयात फौजी समजावून सांगायला, आणि परत आलात ते राखेनं काळवंडलेला शर्ट घेऊन. तो शर्ट मी धुतला. बडबडत धुतला. आज वाटतं, त्या राखेसकट तुम्ही आत्ता दारात उभे राहिलात तर मी एक शब्द बोलणार नाही. खोटं कशाला, बोलेन. पण आधी पोटभर बघून घेईन.

आणि तुमचा तो रोजचा संध्याकाळचा हिशेब! दिवे लागणीला मी जरा टेकले की तुम्ही समोर उभे. "गॅसची नळी जुनी झाली. गच्चीचं दार नीट लागत न्हाई. न्हाणीतली फरशी हालती, पाय घसरल कुणाचा तरी. दूधवाला पाणी घालायलाय." मला मस्तकात तिडीक जायची. इतकी वर्षं हे घर मी एकटीनं चालवलं, तुमच्या आईचं दुखणं काढलं, लेक शिकवली, तेव्हा गच्चीचं दार बघायला कोण होतं? मी म्हणायचे, "हे घर हाय का छावणी? माझ्या संसारात खोड्या काढायला आलात व्हय?" तुम्ही गोंधळून जायचात. म्हणायचात, "खोड कुठं काढली? दिसलं ते सांगितलं. न्हाई सांगितलं तर चूक माझी ठरती." मला ते पटायचं नाही. मी कणीक तिंबत राहायचे, जरा जास्तच जोरात.

रामकिसनचं प्रकरण झालं तेव्हा मला खरं तर त्याच्यापेक्षा त्याच्या साहेबाची दया आली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे.

रामकिसन धनगराचा मुलगा. बाप अजूनही गोदाकाठानं मेंढरं घेऊन हिंडतो. फौजेत इंजिनांवर काम केलेला, नाईक होऊन घरी आलेला. तुम्ही त्याला गेवराईकडच्या पाणीपुरवठा योजनेच्या पंपहाउसवर लावून दिलंत, वर्षभराच्या अटीवर. काम पटलं तर कायम. तुमचा ऊर भरून आला होता. त्या कार्यालयानं पहिल्यांदाच फौजी घेतला होता आणि उपअभियंता साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं की हा नीट निघाला तर आणखी जागा आहेत. म्हणजे रामकिसन एकटा नव्हता, त्याच्यामागे रांग होती. आपल्या पुढच्या खोलीत बसून गेलेली सगळी रांग.

आणि एक दिवस जिल्ह्याचे मोठे साहेब पंपहाउस बघायला आले. सगळी माणसं ओळीत उभी. साहेबांनी जाताजाता विचारलं, "सगळं ठीक आहे ना? काही अडचण?" असं साहेब विचारतात आणि सगळ्यांनी मान डोलवायची असते, हे आपल्याकडे शिपायाच्या पोरालाही माहीत असतं. रामकिसन एक पाऊल पुढे आला, टाच आपटली आणि खड्या आवाजात म्हणाला, "साहेब, दोन नंबरच्या मोटारीचा आवाज बदललाय. मेन व्हॉल्व्ह गळतोय. ब्लीचिंग पावडरचा साठा संपत आलाय." मोठे साहेब तिथंच उपअभियंत्यावर उखडले. आणि बिचाऱ्या उपअभियंत्याला व्हॉल्व्हचं आधीच माहीत होतं, नवीन मागवलेलाही होता. चारचौघांत त्याची शोभा झाली ती झालीच.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला कार्यालयातून निरोप. हा माणूस आमच्याविरुद्ध वर तक्रारी करतो. वर्ष संपलं की नको.

तुम्ही ऐकलंत आणि आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "अगं, त्याला वाटलं दरबार लागलाय!" मग मला समजावलंत. फौजेत मोठा साहेब सगळ्या जवानांना समोर बसवतो आणि विचारतो, कुणाला काही सांगायचंय का. त्याला दरबार म्हणतात. तिथं गप्प बसणारा चांगला जवान नाही. काय बिघडलंय ते उभं राहून सांगायचं, आणि तुमचा वरचा माणूस उलट मान ताठ करतो, की माझ्या जवानाचं लक्ष आहे. रामकिसनला वाटलं, हे तेच. हसून झालं आणि तुमचा चेहरा उतरला. "त्याची चूक न्हाई गं. साहेबाचीबी न्हाई. मधला माणूस पायजे व्हता, मी तिथं न्हवतो." दुसऱ्या दिवसापासून तुमच्या गेवराईच्या फेऱ्या सुरू झाल्या. साहेब भेटेनात.

तुमच्या शेवटच्या संध्याकाळी आपण त्यावरच बोललो. मी म्हटलं, जरा त्या साहेबाच्या जागी बसून बघा. आपल्या हाताखालचा माणूस वरिष्ठांपुढे आपलं उणं बोलला तर कुणाला बरं वाटेल? आधी त्यांना एकट्यात सांगायला काय झालं होतं? तुम्ही फडकं घेतलंत. मग बूट पुसता पुसता म्हणालात, "साऱ्या जिल्ह्याच्या आफिसांना फौजी समजावला, सुमन. घरात समजवायचा राहून गेला."

तुम्ही हसत म्हणालात का वाईट वाटून, ते मला कळलं नाही. तुमचं तोंड बुटाकडे होतं. मी उत्तर जुळवत होते, तोवर शेजारच्या बाई आल्या. सकाळी तुम्ही चहा प्यालात, पेपर उघडलात, आणि मी आतून बाहेर येईपर्यंत खुर्चीत तुम्ही नव्हतात. म्हणजे होतात, पण नव्हतात.

उत्तर माझ्यापाशीच राहिलं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती, भन्तेजींना निरोप गेला होता, पाहुण्यांचं जेवण, मंडप, आणि माझ्या डोक्यात एकच, गुरुवारी साहेबांकडे कोण जाणार?

लेक म्हणाली, आई, कार्यक्रम व्हायच्या आधी तू घराबाहेर पडणार? लोक काय म्हणतील? म्हटलं, लोकांना म्हणू दे, लोकांना रामकिसनची नोकरी वाचवायची नाहीये. पांढरी साडी होतीच अंगावर. एसटीत बसले. तुम्ही बसायचात तशी दाराजवळ बसले नाही, खिडकीशी बसले, पण सगळा रस्ता मनात तुमची वाक्यं घोकत होते. एकही धड आठवेना. तुम्ही साहेबांना नेमकं काय सांगायचात हो? तुम्ही परत येऊन मला सांगायचात ते भांडणासारखं. मूळ मी कधी ऐकलंच नव्हतं.

रामकिसन कार्यालयाच्या दारात उभा. बाकडं मोकळं होतं, तरी उभाच. मला बघितलं आणि सावधान झाला, मग त्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं हात जोडले. "ताई, तुमी कावून आलात? सुभेदारसाहेब गेले, आता माझं ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "गप बस रे. हाक मारली की आत ये."

उपअभियंता साहेब तरुण आहेत, आपल्या लेकीपेक्षा थोडे मोठे असतील. मला बघून उठून उभे राहिले. पाणी दिलं. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं, ऐकून वरमले. मग म्हणाले, "ताई, मी काही वाईट माणूस नाही. त्यानं आधी मला सांगायचं होतं. माझं त्या दिवशी काय झालं असेल सांगा."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. मीही आस्थापनेत काढलेत दिवस. मलाही राग आला असता."

ते जरा सैल झाले. मी त्यांना दरबार सांगितला, तुम्ही मला सांगितला होता तसा. ते ऐकत होते, पण ऐकण्यापुरतं. मला ते कळत होतं, मी बाई आयुष्यभर साहेबांचे चेहरेच वाचलेत. आता हे "बघू" म्हणणार आणि सगळं संपणार. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

म्हटलं, "साहेब, आमचे सुभेदार रोज संध्याकाळी माझ्यापुढं उभे राहायचे आणि घरात काय काय बिघडलंय ते सांगायचे. गॅसची नळी, गच्चीचं दार. मला वाटायचं, माझ्या संसारात खोड्या काढतात. मी भांडायचे. पण हेच सुभेदार भावकीत कुणाच्या घरी गेले, तर तिथं छत पडायला आलं असलं तरी अवाक्षर बोलायचे नाहीत. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाले, ती आपली पोस्ट न्हाई, तिथला पहारा दुसऱ्याचा. फौजी माणूस ज्याला आपलं मानतो, त्याचंच उणं बोलतो. त्याला दुसरी माया दाखवता येत नाही. ज्या दिवशी तुमचा रामकिसन पंपहाउसबद्दल काही बोलायचा थांबेल ना, त्या दिवशी खुशाल काढून टाका. तेव्हा ते त्याचं राहिलेलं नसेल."

साहेबांनी टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली. मग बेल दाबून रामकिसनला आत बोलावलं.

"रोज संध्याकाळी मला फोन करायचा. जे बिघडलंय ते आधी मला सांगायचं. जमेल?"

"जमेल साहेब."

"आणि पुन्हा मोठे साहेब आले तर?"

मी रामकिसनकडे डोळे वटारले. आपल्या पुढच्या खोलीत मी त्याला हेच तर शिकवलं होतं, की अशा वेळी काय बोलू नये. तो समोर बघत म्हणाला, "त्यांनी विचारलं तर खरं सांगणार साहेब."

मी कपाळावर हात मारला. आणि साहेब हसले हो! आधी ओठात, मग मोठ्यानं. "बरं बाबा. विचारलं तर सांग. पण तोवर मला सांगून झालेलं असू दे." माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, त्याचं काम मला पटलेलंच होतं. राग पोटात होता, तो गेला. वर्ष पुरं झालं की त्याला कायम करायची शिफारस मी करतो. आणि पुढच्या भरतीआधी आमच्या लोकांशी बोलायला या. मुलाखतीत यांना विचारायचं काय, तेच आम्हाला समजत नाही."

ऐकलंत? विचारायचं काय ते समजत नाही, असं साहेबच म्हणाले. म्हणजे भांडण तुम्ही जिंकलात. हे जिवंतपणी कबूल केलं असतं तर तुम्ही आठवडाभर मिशीवरून हात फिरवला असता आणि मला स्वयंपाकघरात राहणं मुश्कील केलं असतं.

बाहेर रामकिसन माझ्या मागोमाग आला. एसटी येईपर्यंत माझ्या शेजारी उभा राहिला. बस आली, तेव्हा म्हणाला, "सुभेदारसाहेब असते तर..." आणि पुढचं त्याला जमलं नाही. मी म्हटलं, "जयहिंद, रामकिसन. ड्यूटीवर जा."

मग बसमध्ये मला जे रडू आलं ते तुम्ही गेलात त्या दिवशीही आलं नव्हतं. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि तसाच पुढे गेला. दुःखानं रडत होते म्हणावं तर तेवढंच नव्हतं. त्या कार्यालयात मी जे बोलले ते मला कुणी पढवलं नव्हतं, कुठून उसनं आणलं नव्हतं. ते माझ्या आत कधीपासून होतं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी समोर उभे असताना मी कणीक तिंबत होते.

अहो, घरात समजवायचा राहिला नव्हता हो फौजी. मला कळला होतात तुम्ही. तुम्हाला सांगायचं होतं, ते एका परक्या साहेबाला सांगून आले.